फोटोपुरती शाल

"शाल परत द्यायची आहे हं मयूरा, फोटोपुरतीच आहे," लीनाकाकू तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, आणि समोर टाळ्या अजून चालूच होत्या. मयूरा वाटेगावकरचा चेहरा हसतच राहिला. तिला त्या चेहऱ्याचाच राग आला. असं काही ऐकल्यावर माणसाचा चेहरा पडावा, निदान भुवई तरी हलावी. पण गेल्या दीड वर्षात या चेहऱ्याला भलतीच सवय लागली होती. कॅमेरा दिसला की हसायचं, टाळी ऐकली की हसायचं, कुणी 'सो प्राउड ऑफ यू' म्हणालं की दात दाखवायचे. "पुढच्या महिन्यात त्या गाणाऱ्या बाई यायच्यात ना, त्यांना हीच घालायची आहे. पुण्याहून आणलीय, इथे मिळत नाही असली. नारळ मात्र ठेव हं तू," असं म्हणून काकूंनी तिच्या खांद्यावरची घडी सारखी केली, दुकानातल्या पुतळ्यावरची करतात तशी. शालीला डांबरगोळ्यांचा वास होता आणि त्याखाली आणखी कुणाकुणाचा. कुणाचं अत्तर, कुणाच्या मानेचा घाम, कुणाच्या केसांचं तेल. किती खांद्यांवरून ही फिरून आली असेल! लेखक, डॉक्टर, नगरसेवक, तबलजी. सगळ्यांच्या कानात लीनाकाकू अशाच वाकल्या असतील आणि सगळे असेच हसत राहिले असतील.

टूनगॅबी नावाच्या परदेशातल्या उपनगरात, कम्युनिटी हॉलच्या स्टेजवर तिला खुर्ची दिली होती. चांगली, हाताची खुर्ची. बाकी सगळ्यांना घडीच्या. मांडीवर नारळ, समोर शंभरएक माणसं, मागे बॅनर. बॅनरवर तिचा फोटो, गोळा मानेला लावलेला, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. युनिव्हर्सिट्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत गोळाफेकीत रौप्यपदक. आपली मराठी मुलगी. सांगली जिल्ह्याची कन्या. तिला साडेनवाला ये म्हणून सांगितलं होतं, पाहुण्यांनी वेळेवर यावं म्हणून; कार्यक्रम सुरू झाला पावणेबाराला, कारण माणसं यायची होती, माइक यायचा होता, मग समई पेटत नव्हती, मग फायर अलार्मच्या भीतीने समई विझवून बॅटरीची लावली. रविवारी तिच्या होस्टेलच्या मेसमध्ये दहा ते बारा एवढंच जेवण असतं. ते हुकलं. सकाळपासून पोटात दोन केळी. आणि हॉलच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून, तुपाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता. श्रावणातलं जेवण, पुरणपोळ्या. त्या वासाने बाकीच्या लोकांना आपापली आई आठवत असेल. मयूराला स्वतःचे खांदे आठवत होते. कारण त्या पोळ्या तिने लाटल्या होत्या. शुक्रवारी दुपारी आणि काल अख्खा दिवस, शेजारच्या वेंटवर्थव्हिल उपनगरात, कादंबरीकाकूंच्या केटरिंगच्या खोलीत, उभ्याने. गोळा फेकणाऱ्या हाताला लाटणं हलकं वाटतं, पहिल्या पन्नासपर्यंत. मग उजवा खांदा बोलायला लागतो. कादंबरीकाकू आत्ता शटरपाशी उभ्या होत्या, डोक्याला जाळी, हातात डाव. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ओळख नसल्यासारखी मान फिरवली. तसं ठरलंच होतं.

तसं ठरवावं लागलं होतं, कारण मयूराने शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली होती. सही करताना इस्लामपूरच्या सायबर कॅफेत पंखा गरगरत होता, शाळेतले खेळाचे सर म्हणत होते, कर गं सही, वाचत काय बसलीस, फी माफ, राहणं माफ, खाणं माफ, अजून काय पायजे? सरांचं चुकलं नव्हतं. कागदावर तेच होतं. आणि खाली बारीक अक्षरात असं होतं की स्पर्धेच्या मोसमात परवानगीशिवाय बाहेर पगारी काम करता येणार नाही, कारण त्याने सरावावर आणि शरीरावर परिणाम होतो. तिने परवानगी मागितली तेव्हा ऑफिसातल्या बाई इतक्या गोड हसल्या की मयूराला वाटलं, मिळाली. "पण तुला लागतं काय? सगळं तर आम्ही देतोच," त्या म्हणाल्या. काय लागतं! त्यांना सांगायचं कसं की पाळीच्या दिवसांत दुकानात काय लागतं. सांगलीच्या पोरीला तोंडाने ते इंग्रजीतही सांगता आलं नाही आणि मराठीतही आलं नसतं. ट्रेनचं कार्ड भरायला लागतं. वर्तुळात पाय फिरवून फिरवून उजव्या बुटाचा तळ अंगठ्याखाली फाटतो, त्याला लागतं. आणि भूक लागते. हे तर सांगायचीच लाज. तिचं शरीर मोठं आहे, त्या शरीरासाठीच तिला विमानाने आणलंय, आणि त्या शरीराला संध्याकाळी साडेसातला सराव संपल्यावर खायला लागतं, तेव्हा मेस सातला बंद झालेली असते. दुपारी बाराच्या आत नाव नोंदवलं तर ताट झाकून ठेवतात. त्या ताटात गार पास्ता असतो, एका चिमणीला आणि तिच्या मैत्रिणीला पुरेल एवढा. आणि रविवारी रात्री तेही नाही. रविवारी सगळी मुलं बाहेर जाऊन खातात, असं त्या मेसचं गृहीत आहे. कॅम्पसच्या स्टेशनबाहेर तिचा फोटो लावलाय, दोन पुरुष उंच, 'इथे तुम्ही घडता' असं खाली लिहिलेलं. एका मंगळवारी त्या फोटोखाली ती उभी होती आणि गेटवर कार्ड टेकवल्यावर लाल दिवा लागला. मागचा माणूस आधी तिच्याकडे बघून मग फोटोकडे बघून म्हणाला, "हे, दॅट्स यू, मेट!" ती हसली. चेहरा हसलाच. मग चालत परत गेली, आणि वाटेत तिला पहिल्यांदा असं वाटलं की आपण इथे दोघी राहतो, एक भिंतीवर आणि एक खाली, आणि खालचीचा खर्च कुणाच्याच हिशेबात नाही.

हे तिने आईला सांगितलं नाही. आई विचारते, "पैसं पाठवू का गं थोडं?" आणि मयूरा सांगते, "सगळं फुकट हाय इथं, आये." आई झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवते. दोनशे पोरांची, रोज. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, आणि तेही चार-चार महिने येत नाही. मयूरा लहान असताना तिला तो शब्द फार मोठा वाटायचा. वर्गात तिने सांगितलं होतं, माझ्या आईला मानधन मिळतं, आणि गुरुजी हसले होते. मोठं झाल्यावर कळलं की ज्याला पूर्ण पैसे द्यायचे नसतात त्याच्यासाठी माणसं शब्द मात्र भारी शोधून काढतात. आई शेवटच्या पोराचं वाढून झालं की कढईची खरपुडी उलथन्याने काढायची, डब्यात घालून घरी आणायची. ती खरपुडी खाऊन मयूराचे खांदे झाले. ते खांदे बघून सरांनी तिच्या हातात गोळा दिला. हे सगळं त्या बॅनरवर कुठे आहे? बॅनरवर प्रायोजक आहेत. एक मॉर्टगेज ब्रोकर आणि एक दातांचा डॉक्टर.

"तर मंडळी," दत्तप्रसादकाका माइकवर आले, "नुसता सत्कार करून घरी जायचं ही आपली पद्धत नाही. विचारांचीही मेजवानी हवी!" दत्तप्रसादकाका इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, लीनाकाकूंचे नवरे, आणि मयूराच्याच युनिव्हर्सिटीत आयटीत नोकरीला. तिथे सध्या विद्यार्थी मागणी करताहेत की शिष्यवृत्तीवर आणलेल्या खेळाडूंना दर महिन्याला हातखर्चही द्यावा. काकांनी ती बातमी ऑफिसात वाचली आणि लगेच परिसंवाद ठेवला. विषय बॅनरच्या शेजारी चिकटवला होता: 'खेळाडूंना हातखर्च: गरज की चंगळ?' मयूराने तो शुक्रवारीच व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचला तेव्हा तिला वाटलं, मला बोलायला सांगतील. दोन रात्री तिने मनात वाक्यं जुळवली होती. पण बोलणारे वेगळे होते. सत्कारमूर्तीने खुर्चीवर बसायचं होतं. विषय कसा दिसतो ते लोकांना कळावं म्हणून जणू. पूर्वी शाळेत सस्तन प्राण्यांच्या धड्याला बाई पेंढा भरलेलं मुंगूस टेबलावर ठेवायच्या.

'चंगळ' बाजूने सलिल उभा राहिला. पस्तिशीचा, पुण्याचा, अंगात पफर जॅकेट, आवाज वक्तृत्व स्पर्धेतला. "मित्रांनो, मी इथे आलो तेव्हा काय होतं माझ्याकडे? पेट्रोल पंपावर रात्रपाळ्या केल्या. सहाजण एका खोलीत! फी भरली, एकेक डॉलर स्वतः कमावला. कुणी मला हातखर्च दिला? इथे बसलेल्या किती विद्यार्थ्यांना कुणी देतं? अभ्यास करणाऱ्याने भांडी घासायची आणि बॉल फेकणाऱ्याला पाकीट? व्हाय?" टाळ्या. मयूराच्या मनाने त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण तो अर्धा खरं बोलत होता. मागच्या रांगेत तीन विद्यार्थी बसले होते, डोळ्यांखाली काळं, डिलिव्हरीच्या बॅगा पायाशी. त्यांच्याकडे बघून तिला दीड वर्ष अपराधी वाटत आलंय. पण, सलिलदादा, तुम्हाला पंपावर उभं राहू तरी दिलं. तुमच्या हातावर 'काम करायचं नाही' असा कागद नव्हता. आणि तुमचा फोटो पंपवाल्याने दोन पुरुष उंच लावून त्यावर धंदा केला नाही. आणि गोळा आहे तो, बॉल नाही! हे सगळं तिच्या तोंडात आलं आणि दातांमागे थांबलं. सलिल पुढे झुकला, आवाज खाली आणला, जसा शेवटच्या मुद्द्याला आणतात: "आणि सगळ्यात महत्त्वाचं. पैसा आला की भूक जाते. खेळाडूच्या पोटात भूक पाहिजे, मित्रांनो. भूक!" हॉल दणाणला. कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि नेमकं तेव्हा मयूराच्या पोटात असा आवाज झाला की तिला वाटलं माइकने पकडला. तिने नारळ पोटाशी घट्ट धरला.

'गरज' बाजूने कुणीच तयार नव्हतं, म्हणून काकांनी आपल्याच मुलीला, मितालीला उभं केलं होतं. बारावीतली मुलगी, कुर्त्याखाली जीन्स, हातात आईने मराठीत लिहून दिलेला कागद. "आदरणीय व्यासपीठ..." तिने सुरुवात केली, तिसऱ्या ओळीला अडली, कागद खाली केला. "आय मीन, शी ट्रेन्स लाइक थर्टी अवर्स अ वीक. दॅट्स अ जॉब. सो पे हर? आय डोन्ट गेट व्हॉट वी आर डिबेटिंग." आणि बसली. लोक हसले, कौतुकाने. "मुलं काय, सरळ बोलतात," कुणीतरी म्हणालं. सगळ्यात खरं वाक्य झालं आणि ते विनोदात गेलं.

मग काका समारोपाला आले. "दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर," ते म्हणाले, आणि मयूराला वाटलं, झालं, आता जेवण. पण काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "पण मंडळी, मला विचाराल तर आपल्या मुलीला परक्यांच्या हातखर्चाची गरजच काय? आपण कशाला आहोत? एप्रिलमध्ये मला युनीच्या स्पोर्ट ऑफिसातून ईमेल आला. मयूराने कुठल्याशा फॉर्मवर स्थानिक ओळख म्हणून माझं नाव दिलं होतं. त्यांनी विचारलं, या मुलीची परिस्थिती कशी आहे. मी काय उत्तर दिलं, मराठीत वाचतो." त्यांनी चष्मा लावला. "'मयूरा ही आमच्या समाजाची मुलगी आहे. तिचं हवं-नको आम्ही सगळे मिळून पाहतो. तिला कशाचीही कमतरता नाही, आणि आम्ही असेपर्यंत पडणारही नाही.' छाती भरून आली हो लिहिताना!" आणि टाळ्या. या खेपेला सगळ्यात मोठ्या. लीनाकाकूंनी डोळे पुसले.

मयूराला ऐकू येणं बंद झालं नाही. उलट सगळं फार स्पष्ट ऐकू यायला लागलं. चहाच्या बंबाची वाफ, शटरची कुरकुर, बाहेर एका मॅगपाय पक्ष्याची ओरड. एप्रिल. एप्रिलमध्ये तिने अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी अर्ज केला होता, रात्रभर बसून, बूट, ट्रेन, रविवार, सगळं लिहून. पाळीचंसुद्धा लिहिलं होतं, एकदाचं. मे महिन्यात उत्तर आलं: स्थानिक समाजाकडून पुरेसा आधार उपलब्ध असल्याने अर्ज मंजूर करता येत नाही. तिला वाटलं होतं, हे छापील वाक्य असेल. सगळ्यांना हेच पाठवत असतील. तेव्हा ती आठवडाभर स्वतःलाच शिव्या घालत होती, आपलंच इंग्रजी कच्चं म्हणून. मग कादंबरीकाकूंच्या दारात गेली. फेरविचाराची मुदत उद्या सोमवारी पाचला संपणार होती, आणि त्यासाठी नवा पुरावा हवा होता, नाहीतर पदवी होईपर्यंत लाटणं. आणि लाटणं कुणाच्या नजरेस पडलं तर शिष्यवृत्तीही नाही, सरळ घर. आधार! दीड वर्षात या समाजाने तिला दिवाळीला चकलीचा डबा दिला होता, थंडीत लीनाकाकूंनी एक रजई दिली होती, खरंच ऊबदार रजई, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं. वाईट माणसं नव्हती. तीच तर अडचण होती. वाईट असती तर एका शिवीत मोकळी झाली असती. काकाही कधीकाळी विद्यार्थी म्हणूनच आले होते. मागे एकदा गाडीतून सोडताना त्यांनीच सांगितलं होतं की पहिल्या वर्षी ते गुरुद्वाराच्या लंगरवर जगले आणि घरी कळवलं की इथे सगळं मजेत. ते कळवणं त्यांनी अजून थांबवलं नव्हतं. फक्त आता स्वतःच्या ऐवजी दुसऱ्याच्या पोटावर हात ठेवून कळवत होते. आणि आपण? आपणही आईला तेच सांगतो. इथे आलेला प्रत्येकजण कुणालातरी सांगत असतो की सगळं फुकट हाय, आये. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शंभर माणसं भरलेल्या पोटाचा अभिनय करत बसली होती आणि त्या नाटकात तिला मधली खुर्ची मिळाली होती.

"आणि आता आपल्या सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील. दोनच हं, पोळ्या गार होतायत!" काका म्हणाले. हशा.

ती उठली. शाल खांद्यावर, नारळ हातात. माइकपाशी गेल्यावर तिला शटरखाली कादंबरीकाकू दिसल्या. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको. बरोबर होतं त्यांचं. पोळ्या कुणी लाटल्या हे इथे बोललं तर तिच्याआधी त्या बाईचा धंदा बसेल, रोख मजुरीवर विद्यार्थिनी ठेवली म्हणून. सगळ्या हॉलमध्ये त्या एकट्या बाईने तिला दोन दिवस पोटभर जेवायला घातलं होतं. ते सगळ्यात धारदार वाक्य मयूराने गिळलं.

"नमस्कार. मला भूक लागलीय," ती म्हणाली.

"लागलीच पाहिजे!" सलिल खालून ओरडला आणि सगळे हसले.

"ती नाही, दादा. पोटातली."

"पाचच मिनिटं गं बाळा," पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या.

"काका, एप्रिलमध्ये मी मदतीचा अर्ज केला होता. तुम्ही जे पत्र वाचलंत त्याच्यामुळं तो गेला. त्यांनी तसं कळवलंय, समाज बघतो म्हणून आम्हाला बघायची गरज नाही."

काकांचा हसरा चेहरा हसराच राहिला, पण त्याच्या मागून माणूस उठून गेल्यासारखा झाला. "अगं... काहीतरी गैरसमज झालाय. मी चांगल्यासाठीच... आपली मुलगी परक्यांपुढे हात पसरते हे बरं दिसतं का? आपण नंतर बोलू. ये ना घरी, जेवायलाच ये."

"कधी?"

"कधीही ये!"

"रविवारी रात्री आमची मेस बंद असते. दीड वर्षात किती रविवार होतात ते तुम्ही कॉम्प्युटरवाले मोजा." आवाज चढतोय हे तिला कळत होतं आणि ती त्याला अडवत नव्हती. "तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते खरं वाटलं. आता वाटत नसंल तर दुसरं लिहा. उद्या पाचच्या आत द्यायचंय."

"उद्या ऑफिसात बघतो ना मी."

"आत्ता. हितंच." तिची सांगली बाहेर आली होती आणि तिने ती परत आत घातली नाही.

"मयूरा, हे बरं दिसत नाही," लीनाकाकू पुढे आल्या. लोक बघत होते. काही जण मोबाइल वर करून. काकूंनी हात पुढे केला आणि अगदी हळू, जणू त्याने सगळं मिटेल, म्हणाल्या, "शाल दे, बेटा. आणि खाली ये."

तिने शाल काढली. काकूंचा चेहरा सैल झाला. मयूराने शाल चौघडी करून हातावर पसरली, मधोमध नारळ ठेवला, चारी टोकं पिळून गाठोडं बांधलं. नुसता फोडला तर करवंट्यांचे तुकडे समोरच्या आजींना लागले असते. सवयीने तिने ते वजन एकदा मानेजवळ नेलं. पहिली रांग मागे सरकली. सलिलने तर हात वर केला. तिला हसू आलं, दीड वर्षात पहिल्यांदा स्वतःचं. मग ती स्टेजच्या कडेला, पाय खाली सोडून बसली, आणि गाठोडं पायरीच्या लोखंडी कडेवर एकदाच आपटलं.

पाणी पुण्याहून आणलेल्या शालीतून झिरपलं, तिच्या मांडीवर, पायरीवर, खाली लिनोलियमवर. तिने गाठ सोडली, एक मोठं शकल उचललं, अंगठ्याने खोबरं सोलून काढलं आणि खायला लागली. माइक चालूच होता. हॉलभर तिच्या चावण्याचा आवाज येत होता.

मिताली उठली. तिने भाषणाचा कागद उलटा केला, बापासमोरच्या टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. "डॅड, जस्ट राइट इट. टू लाइन्स."

काकांनी पेन उचललं. चष्मा पुसला, पुन्हा लावला. बायकोकडे पाहिलं, ती ओल्या शालीकडे बघत होती. मागच्या रांगेतल्या तीन पोरांपैकी एक उभा राहिला होता, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. शटर पूर्ण वर गेल्याचा आवाज आला.

"काय लिहू?" काकांनी विचारलं. मोठ्याने विचारलं नव्हतं, पण ऐकू आलं.

मयूराच्या तोंडात खोबरं होतं. तिने दुसरा तुकडा सोलला, तोही तोंडात टाकला, आणि नीट चावून होईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं.